जुन्या टूरिंग गाडीचा कापडी टप बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १९१५ ते १९३१ या काळातल्या टूरिंग गाड्यांचे टप शिवतो आणि बसवतो. बहुतेक गाड्या फोर्ड मॉडेल टी आणि मॉडेल ए, अधूनमधून एखादी शेव्हरोले. मालक मंडळींचे फोन येतात आणि त्यात तेच तेच प्रश्न असतात, म्हणून ते इथं एकत्र केलेत. उदाहरणं मुख्यतः मॉडेल टीची आहेत. तुमची गाडी दुसरी असली तरी पद्धत हीच. मापं मात्र तुमच्याच गाडीवरून घ्यायची.

१. टूरिंग गाडी नक्की कशाला म्हणायचं? माझी गाडी उघडी आहे, पण ती टूरिंग आहे का?

पाच किंवा सात जणांची उघडी गाडी, मिटणारा कापडी टप, आणि दारांना वर-खाली होणारी काच नाही, अशी असेल तर ती टूरिंग. पावसात काचेऐवजी बाजूला पडदे लावायचे. मॉडेल एमध्ये याच प्रकाराला फेटन म्हणत. दारात काच फिरवून वर येत असेल तर ती कन्व्हर्टिबल. तिच्या टपाची शिवण आणि अस्तर वेगळं असतं, त्यामुळे खालची बरीच उत्तरं तिला लागू होणार नाहीत. टप म्हणा किंवा हूड म्हणा, दोन्ही बरोबर. मी टपच म्हणतो. बग्गीलाही टपच असायचा आणि हे काम तिथूनच मोटारीकडे आलं.

२. कापड दोन-तीन ठिकाणी फाटलंय. ठिगळ लावून भागेल का?

बोटाची परीक्षा करून बघा. फाटलेल्या जागेपासून वीतभर लांब, धड दिसणाऱ्या भागात कापड चिमटीत धरून दुमडा. दुमडीवर रबराचा भुगा पडला किंवा आतला थर तडकून दिसला, तर कापड संपलं. त्यावर ठिगळ लावलं की ठिगळाच्या कडेनं पुन्हा फाटतं. कापड लवचीक असेल आणि फक्त शिवण उसवली असेल, तर नुसती शिवण घालून घ्या. जुन्याच भोकांतून, हातानं, मेण लावलेल्या दोऱ्यानं. मशीन मारलं की सुई जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडते आणि कापड तिकिटासारखं फाटून हातात येतं.

३. जुना टप चिंध्या झालाय. कापून काढून टाकला तर चालेल?

नाही. ही एक गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. चिंध्या झालेला टप हा तुमच्या गाडीचा एकमेव नकाशा आहे. टपाखालच्या सांगाड्याच्या कमानी एकमेकींपासून किती अंतरावर होत्या, शिवण कुठे यायची, मागचा पडदा किती खाली उतरायचा, हे सगळं त्या चिंध्यांत लिहिलेलं असतं.

काढण्याआधी टप उभा करा, पुढची काच घट्ट बसवा, चाकांत पूर्ण हवा भरा आणि गाडी सपाट फरशीवर घ्या. मग दोन्ही बाजूंनी कमानींमधली अंतरं मोजून वहीत लिहा. कापडावर खडूनं पुढून मागे मधली रेघ मारा. फोटो भरपूर काढा, विशेषतः कोपऱ्यांचे आणि दुमडींचे. मगच चुका (कापड लाकडावर ठोकणारे लहान खिळे) एकेक करून उपटा, शिवणी उसवा आणि प्रत्येक तुकड्यावर ‘डावा’, ‘उजवा’, ‘पुढची बाजू’ असं लिहून ठेवा. नवा टप बसून एक पावसाळा जाईपर्यंत ते तुकडे फेकू नका.

एक खबरदारी: जुनं कापड ताणलेलं किंवा आखडलेलं असतं. त्यामुळे ते नव्या कापडावर ठेवून तसंच बेतायचं नाही. आकार जुन्यावरून घ्यायचा, अंतिम माप सांगाड्यावरून.

४. सांगाडा वरून ठीक दिसतोय. तरी तपासायला हवा का?

हवाच. टप बिघडण्याची निम्म्याहून जास्त कारणं मला कापडात नाही, सांगाड्यात सापडली आहेत. कापड सांगाड्याच्या मागे जातं. वाकड्या कमानीवर कितीही चांगला कारागीर बसवा, टप वाकडाच दिसणार.

कमानींचे उभे भाग लोखंडी नळ्यांचे असतात आणि वरची आडवी कमान लाकडाची, नळीत खोचलेली. नळीच्या तोंडाशी लाकूड कुजतं, कारण पाणी तिथंच मुरतं. वरून रंग आणि कापड असल्यानं ते दिसत नाही. स्क्रू काढून लाकूड थोडं बाहेर ओढा आणि टोच्यानं दाबून बघा. टोच्या आत गेला तर ती कमान बदला.

मग सांधे. सगळ्या नळ्या जिथं एकत्र येतात तिथली खिळी झिजते आणि भोक लंबुळकं होतं. तिथं दोन मिलिमीटरचा खेळ असला तर वर कमानीच्या टोकाला तो बोटभर होतो. भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा पाडायचं किंवा बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, घालायचा.

शेवटी कर्ण मोजा. पुढच्या कमानीच्या उजव्या टोकापासून मागच्या कमानीच्या डाव्या टोकापर्यंत, मग उलट. फरक पाव इंचापेक्षा जास्त असेल तर आधी तो काढा. कधीकधी सांगाडा सरळ असतो आणि चॅसिसवर बॉडी बसवणारे बोल्ट ढिले असतात. दारं नीट लागत नसतील तर संशय तिकडे घ्या.

५. नवी कमान सागवानाची करू का?

सागवान टिकतं, पण वाफेवर वाकवताना चिरतं. मूळ गाड्यांना ॲश किंवा ओक वापरत. आपल्याकडे वाकवायला तुतीचं लाकूड चांगलं. हॉकीच्या काठ्या त्याचीच करतात. वाफ देण्याचा ठोकताळा इंचाच्या जाडीला एक तास. साच्यावर वाकवून किमान आठवडाभर बांधून ठेवायचं, लगेच सोडलं तर कमान उघडते.

दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो: पातळ पट्ट्या इपॉक्सीनं एकावर एक चिकटवून साच्यावर दाबायच्या. अशी कमान परत सरळ होत नाही, आणि त्यासाठी सागाच्या पट्ट्याही चालतात. जुनी कमान धड असेल पण चुकांच्या भोकांनी चाळणी झाली असेल, तर ती बदलू नका. भोकांत बांबूच्या काड्या सरसात बुडवून ठोका, वाळल्यावर कापून घासा. चुका पुन्हा घट्ट धरतात.

६. कापड कोणतं घ्यावं? रेक्झिन चालेल का? ताडपत्री?

मूळ कापड तीन थरांचं असायचं: बाहेर सुती, आत सुती, मध्ये रबर. आज त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं कापड हार्ट्‌झ या अमेरिकन कंपनीचं. त्यांच्या स्टेफास्ट कापडात बाहेरचा थर ॲक्रिलिकचा आणि मध्ये रबर असतं. महाग पडतं, आयात करावं लागतं, पण उन्हात रंग टिकतो आणि घडीवर तडकत नाही. मॉडेल टी असेल तर काळंच घ्या.

रेक्झिन लावलेल्या गाड्या मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. उन्हात ते सैल पडतं, थंडीत आखडतं, घडीच्या जागी दोन-तीन वर्षांत भेगा जातात. चकाकीमुळे गाडीचं रूपही बिघडतं. पैशांची अडचण असेल तर जाड पोताचं, मागून सुती असलेलं, चकाकी नसलेलं व्हिनाइल घ्या. काही जुन्या टपांना तसंही चामड्यासारखं पोत दिलेलं कापड असायचं, त्यामुळे ते विजोड दिसत नाही.

सुती ताडपत्री ओली झाली की आखडते, वाळली की ढिली पडते. दोन पावसाळ्यांत शिवणींवर ताण येऊन त्या उसवतात. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीचा विचारही नको.

७. किती कापड लागेल?

५४ ते ६० इंची पन्ह्याचं पाच-सहा मीटर, पाच आसनी गाडीच्या टपाला. बाजूचे पडदे करायचे तर जवळजवळ तेवढंच आणखी. सगळं एकाच ताग्यातलं घ्या. नंतर मागवलेल्या कापडाचा काळा रंगही वेगळा दिसतो, उन्हात तर लगेच कळतं.

८. आमच्या गावात रिक्षाचं हूड शिवणारे आहेत. त्यांच्याकडून करून घेता येईल का?

हो, आणि बिनधास्त घ्या. त्यांच्याकडे जाड कापड ओढणारी मशीन असते, हात सफाईदार असतो, गोट उत्तम घालतात. फरक दोन बाबतींत पडतो. रिक्षाचं हूड लोखंडी पाइपवर बसतं. इथं लाकडावर चुका मारायच्या असतात. आणि रिक्षाच्या हूडाची मापं पाठ झालेली असतात, तर इथं प्रत्येक गाडी वेगळी. म्हणून त्यांना एकदम खरं कापड देऊ नका. आधी मांजरपाटाचा टप शिवून सांगाड्यावर चढवा, टाचण्या लावून दुरुस्त करा, मग तोच उसवून कापण्याचा नमुना म्हणून वापरा. मांजरपाटाचे पैसे वाया जात नाहीत. कारागिराशेजारी बसा, घाई करू नका, आणि मजुरी तुकड्यावर न ठरवता दिवसावर ठरवा.

९. बसवण्याचा क्रम काय? आधी मागचं की पुढचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मी असं करतो.

आधी लाकडी कमानी त्याच रंगाच्या कापडात गुंडाळून घ्यायच्या, शिवण किंवा चुका वरच्या अंगाला. आत बसल्यावर वर बघितलं की दिसतं ते हेच कापड. मग टप उभा करून, वहीतल्या अंतरांप्रमाणे कमानींमध्ये लाकडी पट्ट्या तात्पुरत्या ठोकून कमानी जागच्या जागी अडकवायच्या. हे केलं नाही तर कापड ओढताना कमानी पुढं सरकतात.

मग निवार. बाजेला लागते तीच दोन इंची सुती निवार, पण ताठ विणीची. पुढच्या कमानीपासून मागच्या कमानीपर्यंत दोन्ही बाजूंना ताणून प्रत्येक कमानीवर टाचायची. इथून पुढं कमानींमधलं अंतर निवार धरते, कापड नाही. तात्पुरत्या पट्ट्या आता काढता येतात.

निवारीवर दोन्ही कडांना पातळ गाद्या: पिंजलेला कापूस, वरून-खालून कापड. याच गाद्यांमुळे टपाचा खांदा गोल दिसतो आणि कमानीची धार वरच्या कापडावर उमटत नाही. गादी सोडून दिलेले टप मी बघितले आहेत. वर्षभरात प्रत्येक कमान बरगडीसारखी वर येते आणि तिथंच कापड झिजतं.

मग मागचा पडदा, काचेसह. तो मागच्या कमानीवर आणि खाली बॉडीच्या कडेला अर्ध्या ठोकलेल्या चुकांवर टांगायचा. शेवटी छत. मधला पट्टा आणि दोन बाजू आधीच शिवून एक केलेल्या असतात. खडूची मधली रेघ प्रत्येक कमानीच्या मध्यावर आणायची. आधी मागच्या कमानीवर मधोमध एक चूक, मग पुढं ओढून पुढच्या कमानीवर मधोमध एक. तिथून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, आळीपाळीनं. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी करायला गेलात की मधली रेघ सरकलीच म्हणून समजा.

सगळ्या चुका अर्ध्याच ठोकायच्या. टप रात्रभर तसाच राहू द्यायचा. सकाळी पुन्हा ओढून बघितला की कापड थोडं दिलेलं असतं; तेव्हा सुधारून मग पक्कं ठोकायचं. कडेला दोन-तीन इंच कापड जास्त ठेवा, कापायचं सगळ्यात शेवटी. उघड्या चुकांवर हायडेम नावाची पट्टी येते: ती मधून उघडते, आत चुका मारायच्या आणि ती परत मिटते, वरून चूक दिसत नाही.

१०. टप बसला, पण सुरकुत्या पडल्या. कापड ओढून निघतील का?

सुरकुती कोणत्या दिशेनं आहे त्यावर आहे. कमानींना समांतर आडवी असेल तर कापड पुढं-मागं ढिलं आहे, पुढच्या कमानीवर सोडून ओढा. पुढून मागे जाणारी असेल तर बाजूला ढिलं आहे. कोपऱ्यातून तिरकी जात असेल तर कापडाला हात लावू नका. तिथं सांगाडा चौकोनात नाही. प्रश्न ४ मधले कर्ण पुन्हा मोजा.

एका मॉडेल टीवर मला अशी तिरकी सुरकुती दिसली आणि मी दोन दिवस कापडाशी झुंजलो. कारण निघालं पुढच्या काचेच्या खांबाचा एक ढिला बोल्ट. काच अर्धा इंच मागे झुकली होती आणि तिच्याबरोबर पुढची कमान. बोल्ट आवळला, चार चुका सोडून पुन्हा ठोकल्या, सुरकुती गेली.

११. चुकांऐवजी स्टेपल मारले तर?

गाडी चालवायची असेल आणि स्पर्धेत उतरवायची नसेल, तर स्टेपल चालतील, पण स्टेनलेसचेच. साधे स्टेपल कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात गंजतात आणि कापडावर तपकिरी डाग उतरतात. ते जात नाहीत. चुकांचाही नियम तोच, तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या घ्या. अर्धवट ठोकून बघण्याचं काम मात्र चुकांनीच होतं.

१२. नवं कापड, तरी शिवणीतून पाणी गळतं.

बहुतेक वेळा दोऱ्याचं कारण. नुसत्या पॉलिस्टर दोऱ्याची भोकं उघडी राहतात. सुती दोरा ओला झाला की फुगून भोक बंद करतो, पण उन्हात लवकर कुजतो. म्हणून आत पॉलिस्टर, वर सूत असा दोरा मिळाला तर तो सर्वात चांगला. शिवणीची दुमड अशी घ्या की वरचा थर खालच्यावर येईल आणि पाणी बाहेर वाहील, कौलांसारखं. दोहेरी शिवण, इंचाला सहा ते आठ टाके. जास्त घातले तर कापड कापलं जातं. शेवटी आतून शिवणीवर मधमाश्यांचं मेण चोळून हेअर ड्रायरनं किंचित वितळवा.

१३. मागच्या पडद्याची खिडकी पिवळी पडली आहे. मूळची ठेवू का?

ती सेल्युलॉइडची असेल तर काढा. हे सामान फार झटकन पेट घेतं. सिगारेटची ठिणगी पुरते. काढून बंद डब्यात, घराबाहेर, सावलीत ठेवा. नवीन खिडकीला साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचं पारदर्शक पीव्हीसी वापरा. ॲक्रिलिक वाकवलं की तडकतं. मूळची खिडकी काचेची, धातूच्या चौकटीत असेल, तर ती जपा आणि नव्या पडद्यात तीच बसवा.

१४. बाजूचे पडदे केव्हा करावेत?

टप बसून महिनाभर झाल्यावर. तोवर कापड आपली जागा घेतं. आधी केले तर बटणं एका सुतानं चुकतात आणि मग लागत नाहीत. मिटताना पडद्यांची घडी घालू नका, गुंडाळा.

१५. मी न्यू जर्सीत राहतो. इथं मॉडेल टीचे तयार टप मिळतात. वडिलांच्या पुण्यातल्या गाडीसाठी पाठवू का?

१९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटी मॉडेल टी निघाल्या, त्यामुळे अमेरिकेत तयार टप मिळतात आणि ते चांगलेही असतात. पण ते अमेरिकन बॉडीच्या मापानं बेतलेले असतात. भारतात आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक फोर्ड कॅनडातून आल्या. ब्रिटन वगळता ब्रिटिश साम्राज्यातली फोर्डची बाजारपेठ कॅनडाची कंपनी सांभाळत असे. त्यांच्या बॉडी आणि टप अमेरिकन गाड्यांशी जुळतीलच असं नाही. शिवाय शंभर वर्षांत कमानी कुणी कुणी बदललेल्या असतात.

तयार टप मागवायचाच असेल तर आधी वडिलांकडून प्रश्न ३ मधली सगळी मापं घ्या आणि विक्रेत्याच्या मापांशी ताडून बघा. माझा सल्ला: तयार टपाऐवजी कापड, हायडेम पट्टी आणि बटणं पाठवा. शिवण इथंच होऊ द्या.

शेव्हरोलेचंही ध्यानात ठेवा. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. तशा गाडीचं मापही गाडीवरूनच घ्यावं.

१६. माझ्या १९२१ च्या मॉडेल टीवर ‘एकट्यानं उघडणारा’ टप बसवता येईल का? जुना उघडायला दोन माणसं लागतात.

अमेरिकन मॉडेल टीला तो टप १९२३ च्या मॉडेलपासून, म्हणजे १९२२ च्या शरदात आला, आणि त्याच्याबरोबर पुढची काचही तिरकी झाली. टप आणि काच एकमेकांसाठी केलेले आहेत. सरळ काचेवर तो सांगाडा बसवायचा तर काचेचे खांब बदलावे लागतात, आणि मग गाडी ना १९२१ ची राहते ना १९२३ ची. दोन माणसांचा टप तसाच ठेवा. गाडीचं साल कागदावरून सांगत असाल तर मात्र आधी काच बघा; कागदावरचं साल पुष्कळदा नोंदणीचं असतं, बांधणीचं नाही.

१७. सांगाडाच गायब आहे. कुठून सुरुवात करू?

त्याच सालाची, त्याच बॉडीची दुसरी गाडी शोधा आणि मालकाच्या परवानगीनं एक पूर्ण दिवस तिच्यापाशी घालवा. प्रत्येक नळीची लांबी, वाक, सांध्यांची जागा, टप उभा असताना आणि मिटलेला असताना दोन्ही मापं घ्या. मिटलेलं माप लोक विसरतात आणि मग नवा टप मिटल्यावर मागच्या सीटच्या पाठीला घासतो. फोटोवरून केलेला सांगाडा मी कधीच घेत नाही.

१८. टप बदलला तर व्हिंटेज नोंदणीला अडचण येईल?

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. कापड बदलणं म्हणजे बॉडी शेल बदलणं नव्हे. तरी आधीचे आणि नंतरचे फोटो फाइलला लावून ठेवा. कापडी टप काढून पत्र्याचा टप बसवणं ही वेगळी गोष्ट. ते करू नका.

१९. पावसाळ्यात टप मिटून ठेवू की उभा?

उभा. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी निघते तेव्हा ती उघडीच शोभते, पण मिरवणूक संपल्यावर कुठल्याही गाडीचा टप पुन्हा उभा करायला हवा. घडीत ओल राहिली की चार दिवसांत बुरशी धरते. ओला टप पूर्ण वाळल्याशिवाय मिटायचा नाही. बुरशी आलीच तर मऊ ब्रशनं कोरडी झटका, मग साध्या पाण्यानं पुसा. डिटर्जंट, ब्लीच आणि पेट्रोल यांनी आतलं रबर मरतं. उंदरांसाठी रोज एकदा गाडीखाली टॉर्च मारून बघा. त्यांना गाद्यांतला कापूस आवडतो.

२०. माझ्या गाडीचा टप बराच जुना आहे आणि शाबूत आहे. बदलू का?

नका बदलू. प्रश्न २ मधली परीक्षा पास होत असेल तर तो गाडीवरच राहू द्या. पावसात गाडी नेऊ नका, उन्हात उभी करू नका.

बदलावाच लागला तर काम घेणाऱ्याला आधी सांगून ठेवा की आत काही लिहिलेलं सापडलं तर पुसायचं नाही. एका टूरिंगच्या कमानीचं जुनं कापड मी सोडलं तेव्हा आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेले देवनागरी आकडे निघाले. पुढच्या कमानीवर १, तिच्यामागे २, पुढं तसंच. ३ चा वाक कुणीतरी दोनदा गिरवला होता. म्हणजे तो टप कारखान्यातला नव्हता. इथल्याच कुणा कारागिरानं कधीतरी कमानी उतरवून, खुणा करून, परत जागच्या जागी बसवल्या होत्या. मी त्या आकड्यांचे फोटो काढून मालकाला दिले आणि कमानी त्याच क्रमानं, लाकूड न घासता, नव्या कापडात गुंडाळल्या.